विरोधात कुणी आहे का?

शुभदा गोगटेनं धर्म बदलला तेव्हा तिच्या नवऱ्याला, प्रतापला, फारसं काही वाटलं नाही. तिनं चहा सोडला तेव्हा मात्र तो हादरला.

"देव बदललास, ते एक वेळ समजू शकतो," तो म्हणाला. "पण चिंचवडची बाई चहा सोडते? ताप वगैरे आहे का तुला?"

ताप नव्हता, पण पहिले पंधरा दिवस तिचं डोकं असं ठणकत होतं की तिनं दोनदा डबा उघडून नुसता वास घेतला आणि परत झाकण लावलं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथात चहा-कॉफी चालत नाही, दारू तर नाहीच. आयर्लंडमध्ये बारशालाही चहा लागतो आणि मयतालाही. अशा देशात राहून हे व्रत पाळणाऱ्या आयरिश माणसांचं शुभदाला आधी नवल वाटलं, मग कौतुक, आणि शेवटी ती स्वतःच त्यांच्यात जाऊन बसली. हे कसं झालं ते तिला विचारलं तर ती अजूनही नीट सांगू शकत नाही.

दोन हजार साली ती प्रतापबरोबर शॅननला आली. प्रतापची सॉफ्टवेअर कंपनी विमानतळाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत होती. शुभदाच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. चिंचवडच्या पतसंस्थेत आठ वर्षं हिशेब लिहिलेली बाई, मुलगा अद्वय शाळेत गेला की दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसायची. आयर्लंडात बघायला पाऊस भरपूर. अशाच एका दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर काळ्या कोटातली, छातीवर नावाच्या पट्ट्या लावलेली दोन अमेरिकन पोरं निथळत उभी होती. शुभदानं त्यांना आत घेतलं, टॉवेल दिला आणि चहा पुढं केला. दोघंही 'नको' म्हणाली. तिला वाटलं लाजताहेत, म्हणून तिनं आपल्या पद्धतीनं आग्रह केला. पोरं लालबुंद झाली. शेवटी कोकम सरबतावर तडजोड झाली. धर्माबद्दल ते काय बोलले त्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं, पण कुणीतरी आपल्या दारावर टकटक केली याचंच तिला इतकं बरं वाटलं की 'पुन्हा या' असं ती मनापासून म्हणाली.

दोन वर्षांनी तिची आई गेली. पासपोर्ट नूतनीकरणासाठी वकिलातीत अडकलेला, जाता येईना. प्रताप बिचारा फोनवर फोन करत राहिला. तेव्हा चर्चमधली ब्रीडा हिकी आली. शॅननच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळणारी, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. ती शुभदाच्या शेजारी सोफ्यावर तीन दिवस येऊन बसत होती. उपदेश केला नाही, पुस्तक उघडलं नाही. भांडी घासली, बटाट्याचं सूप केलं आणि एकदाच म्हणाली, "भेटेल गं तुला तुझी आई. कुटुंब तुटत नाही, आमची तशी श्रद्धा आहे." शुभदाला त्या वाक्यावर रडू फुटलं, आणि ते वाक्य तिनं पकडून ठेवलं. पुढच्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला. गणपती मात्र स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्येच राहिला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. त्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही शहाणपणानं विचारलं नाही.

या चर्चमधली तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डोनल, ब्रीडाचा नवरा. तो या लहानशा शाखेचा अध्यक्ष होता, म्हणजे आपल्याकडचा भटजी, विश्वस्त आणि शिपाई तिन्ही एकाच माणसात. आठवडाभर तो लिमरिकच्या रस्त्यावर बस चालवायचा. रविवारी पहाटे येऊन हॉलची हीटिंग चालू करायचा, प्रवचन करायचा, आणि शनिवारी पाळी असेल तर संडासही धुवायचा. पगार शून्य. या पंथात गावपातळीवर कुणालाच पगार नसतो.

"दक्षिणाही नाही?" प्रतापनं विचारलं.

"दमडी नाही."

"मग करतो कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शुभदालाही माहीत नव्हतं, पण तिला डोनलचा अभिमान वाटायचा. जणू तो तिच्या माहेरचा माणूस होता.

गोंधळ सुरू झाला तो तिला नोकरी लागल्यावर. दोन हजार चार साली व्हिसाचे नियम जरा सैल झाले आणि शुभदा एका गोदामाच्या बिलं तपासणाऱ्या विभागात कामाला लागली. पहिला पगार हातात आला, आणि चर्चच्या नियमाप्रमाणे त्याचा दहावा हिस्सा तिनं पाकिटात घालून डोनलच्या हाती दिला. पावती मिळाली. ती तिनं घरी येऊन कौतुकानं प्रतापला दाखवली.

"छान," प्रताप म्हणाला. "आणि जमाखर्च कुठं लावतात?"

प्रताप हे सहज बोलला आणि टीव्हीकडे वळला. शुभदाच्या मनात मात्र ते रुतून बसलं. तिच्या सोसायटीत, तिच्या गणेश मंडळात, तिच्या पतसंस्थेत जमाखर्च फळ्यावर लागायचा. मांडववाल्याला किती, बँडवाल्याला किती, शिल्लक किती, येणारा-जाणारा वाचायचा आणि नावंही ठेवायचा. पुढच्या रविवारी तिनं चर्चचा फळा नीट पाहिला. साफसफाईच्या पाळ्या होत्या, पॅनकेकच्या न्याहारीचं निमंत्रण होतं, कुणाची तरी हरवलेली छत्री होती. जमाखर्च नव्हता.

तिनं डोनललाच विचारलं. डोनल खुर्च्या रचत होता.

"आपल्या शाखेचा हवा तर आत्ता दाखवतो," तो म्हणाला. "पण दशांश इथं राहत नाही, सिस्टर. तो सगळा वर जातो. अमेरिकेत. तिथून आपल्याला खर्चाला थोडे परत येतात."

"आणि वर त्याचं काय होतं?"

"देवळं बांधतात. गोरगरिबांना मदत. शाळा-कॉलेजं. काही गुंतवतातही, असं म्हणतात."

"किती?"

"ते जाहीर करत नाहीत. वर्षातून एकदा अधिवेशनात वाचून दाखवतात की तपासणी झाली, सगळं रीतसर आहे."

"आकडे?"

"आकडे नाहीत."

"आणि जे अगदी वर बसतात, त्यांना पगार?"

डोनलनं खुर्ची खाली ठेवली. "पगार म्हणत नाहीत. निर्वाहाचा भत्ता. किती, ते मला माहीत नाही." मग तो हसला. "मला हॉलची किल्ली मिळते. तेवढं पुष्कळ झालं. ग्रँड!"

शुभदा घरी आली ती पार गोंधळून. तळातला माणूस फुकट राबतो, वरच्याला भत्ता, आणि तो किती ते तळातल्याला ठाऊक नाही. हे चांगलं की वाईट? तिला कुणी लबाड दिसत नव्हतं. तिला मिळालेलं प्रेम तर शंभर टक्के खरं होतं. दर महिन्याला दहावा हिस्सा द्यायला ती ब्रीडाकडे बघून खुशीनं तयार होती, आणि दर महिन्याला पाकीट चिकटवताना तिच्यातली पतसंस्थेची बाई विचारायची, ताळेबंद कुठाय?

इथं तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्यांच्यापायी झाला. नंदकुमार भावे, त्याच पतसंस्थेचे साधे सभासद. वार्षिक सभेत अध्यक्ष सगळा अहवाल वाचायचे आणि शेवटी विचारायचे, कुणाची काही हरकत? मग भावेकाकांचा हात वर जायचा. दरवर्षी. एका वर्षी त्यांनी विचारलं, स्टेशनरीचा खर्च दुप्पट का झाला? अध्यक्षांनी उभं राहून उत्तर दिलं, टाळ्या पडल्या, आणि नंतर दोघं एकाच बशीतले बटाटेवडे खात बसले. यात कुणाचा अपमान नव्हता. उलट भावेकाकांनी हात वर केला नाही तर अध्यक्षच अस्वस्थ व्हायचे, की काका रुसले की काय. शुभदा याच संस्कारात वाढली. हरकत घेणं म्हणजे आपलेपणा दाखवणं, हे तिच्या रक्तात होतं.

आणि म्हणून दोन हजार पाचच्या शरद ऋतूत तिनं हात वर केला.

दरवर्षी शाखेची एक मोठी सभा होते. डब्लिनहून वरिष्ठ येतात. त्या वर्षी आले होते प्रेसिडेंट कीन, व्यवसायानं दातांचे डॉक्टर, तेही बिनपगारी. ते नावं वाचू लागले. आधी अमेरिकेतले सर्वांत वरचे, मग त्यांच्या खालचे, मग देशातले, आणि सगळ्यात शेवटी या शाखेचे अध्यक्ष, डोनल हिकी. प्रत्येक टप्प्याला ते म्हणत, बाजूनं असणाऱ्यांनी उजवा हात वर करावा. हात वर जात. मग म्हणत, विरोधात कुणी असेल तर त्याच खुणेनं सांगावं. कुणी नसे, आणि ते पुढे जात.

शुभदाला प्रश्न विचारायचा होता तो अगदी वरच्यांबद्दल. पण सभ्य माणूस अहवाल अर्ध्यात तोडत नाही, सगळं वाचून झाल्यावर विचारतो. वडील तसंच करायचे. ती थांबली. डोनलचं नाव झालं. कीन म्हणाले, "विरोधात कुणी आहे का?" आणि शुभदानं, आता आपली वेळ, असं समजून हसतमुखानं हात वर केला.

सगळ्या माना वळल्या. मंचावर डोनल बसला होता, त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग कानापासून लाल होत गेला. पहिल्या रांगेत ब्रीडा वळली आणि शुभदाकडे बघत राहिली. शुभदा उठून प्रश्न विचारणार, तेवढ्यात कीन हळू आवाजात म्हणाले, "नोंद घेतली. सिस्टर, सभा संपल्यावर मला भेटा." आणि त्यांनी भजनाचा क्रमांक सांगितला.

काय झालं ते तिला भजनाच्या दुसऱ्या कडव्यात कळलं. तिचा हात डोनलच्या विरोधात मोजला गेला होता.

सभा संपल्यावर लहान खोलीत कीननी तिला बसवलं. माणूस सज्जन होता. "सिस्टर गोगटे, प्रेसिडेंट हिकींच्या वागण्यात तुम्हाला काही गैर दिसलं का? पैशाचं काही?"

"नाही हो! डोनल देवमाणूस आहे!" शुभदा खुर्चीतून अर्धी उठली. "माझा प्रश्न वरच्यांबद्दल होता. पैसे कुठं जातात? त्यांना किती मिळतात? एवढंच विचारायचं होतं."

"मीही आयुष्यभर दहावा हिस्सा देतो आहे," कीन म्हणाले. "मी कधी विचारलं नाही. तुम्ही आईला घरखर्चाचा हिशेब विचारता का?"

"आमच्याकडे विचारतात," शुभदा म्हणाली. ती खरंच बोलत होती.

कीन तिच्याकडे बघत राहिले. तेही गोंधळलेले आहेत, हे तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, विश्वास ठेवा म्हणाले आणि डब्लिनला गेले.

पण भर सभेत हात वर झालेला होता, तोही डोनलच्या नावावर. शाखेचा हिशेब एरवीही तपासला जातो, त्या वर्षी तो लवकर तपासला गेला, आणि तपासणारे दोघं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसले. एका सेंटचा फरक निघाला नाही. तरी लहान गावात जे व्हायचं ते झालं. 'युअर मॅन'चं, म्हणजे त्या डोनलचं, पैशाचं काहीतरी आहे म्हणे, अशी कुजबुज दुकानात गेली आणि तिथून बसच्या आगारात. एका सहकाऱ्यानं डोनलला थट्टेत म्हटलं, सुट्टे पैसे दोनदा मोज रे. पंचवीस वर्षं बस चालवणारा डोनल त्या दिवशी जेवला नाही. हे शुभदाला ब्रीडाकडून कळलं नाही, तिसऱ्याच बाईकडून कळलं. कारण ब्रीडानं दर बुधवारी तिच्याकडे येणं बंद केलं होतं.

शुभदाला स्वतःचा इतका राग आला की तिनं आणखी एक घोळ केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीही उठून मनातलं बोलू शकतं. ती उठली, माइकपाशी गेली आणि म्हणाली की माझा हात डोनलसाठी नव्हता, तो वरच्यांसाठी होता, डोनलनं कधी एक पैसा घेतलेला नाही. लोक खाली बघत बसले. बाहेर पार्किंगमध्ये ब्रीडा तिच्यापाशी आली.

"तुझं मन चांगलं आहे, मला ठाऊक आहे," ब्रीडा म्हणाली. "पण ज्यांनी एकदा ऐकलं होतं त्यांनी आता दोनदा ऐकलं." आणि ती गाडीत बसून गेली.

"तू सोड ना हे सगळं," प्रताप रात्री म्हणाला. "काय अडलंय?"

"ब्रीडा आहे ना तिथं."

"ती तर बोलत नाही तुझ्याशी."

"म्हणून तर सोडता येत नाही," शुभदा म्हणाली, आणि आपण काय बोललो याचा अर्थ शोधत बसली.

पुढच्या वर्षीच्या सभेत डोनलला अध्यक्षपदातून मोकळं केलं. यात विशेष काही नव्हतं, सहा-सात वर्षांनी बदलतातच. पण लोकांनी जोडायचं ते जोडलं. मोकळं करताना त्या माणसाचे आभार मानायलाही हातच वर करायचा असतो. सगळ्यांनी केले. शुभदाचा हात मांडीवरून उचलेना. तिला वाटलं, आपला हात दिसला तर पुन्हा माना वळतील. मग तिनं डोळे मिटून तो वर केला आणि बाकीचे खाली गेले तरी ठेवला. डोळे उघडले तर डोनल तिच्याकडेच बघत होता.

त्या बुधवारी दारावर टकटक झाली. डोनल आणि ब्रीडा, दोघं होती. ब्रीडा अजून ताठ होती, पण आली होती. शुभदानं कोकम सरबत केलं. अद्वय, शुभदाचा मुलगा, "हाय डोनल, हाऊज द बस?" म्हणून वर पळाला.

"तुझ्या त्या पतसंस्थेचं सांग," डोनल म्हणाला. "तुझे वडील हात वर करायचे म्हणे."

तिनं सगळं सांगितलं. स्टेशनरी, टाळ्या, बटाटेवडे. ब्रीडा बटाटेवड्यांवर पहिल्यांदा हसली.

"आणि उत्तर मिळायचं दरवर्षी?"

"उभं राहून द्यायचे. पै न् पैचं."

डोनल ग्लास फिरवत राहिला. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "एवढं मोठं आपलं चर्च. तुझ्या प्रश्नाला हिशेब उघडून उत्तर देणारा मी एकटाच निघालो. ज्याला काही मिळत नव्हतं तो."

शुभदाला त्याची माफी मागायची होती आणि त्याच वेळी जोरात 'हो, हेच!' असं ओरडायचं होतं. तिनं त्याच्या ग्लासात आणखी सरबत ओतलं.

"मग तू केव्हा हात वर करायला हवा होतास?" डोनलनं विचारलं.

"सगळ्यात वरच्यांची नावं झाल्या झाल्या. तुमच्या नावाच्या खूप आधी."

"हं," डोनल म्हणाला.

"तू कशाला विचारतोस?" ब्रीडानं विचारलं. त्यानं ग्लास उचलून सरबत संपवलं.

पुढची सभा दोन हजार सातच्या शरदात झाली. पुन्हा कीनच आले होते. डोनल आता मंचावर नव्हता, साध्या माणसासारखा बाकावर, ब्रीडाच्या एका बाजूला बसला होता. दुसऱ्या बाजूला शुभदा. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, उगाच चुकून हलायला नकोत. कीननी सर्वांत वरच्यांची नावं वाचली. बाजूनं असलेले हात वर गेले. मग ते म्हणाले, "विरोधात कुणी आहे का?" आणि सवयीनं पुढचं पान उलटू लागले.

डोनलचा हात वर होता.

घाईनं उचललेला नव्हता. बस थांब्यावर आणताना तो जेवढ्या सावकाश आणायचा तेवढ्याच सावकाश त्यानं तो वर नेला होता, आणि तो तिथंच होता. कीनचं पान अर्धवट उलटलेलं राहिलं. माना वळू लागल्या. काहींनी सवयीनं आधी शुभदाकडे पाहिलं आणि मग गोंधळून डोनलकडे.

"हे तू शिकवलंस त्याला?" ब्रीडा कुजबुजली. आवाजात राग होता की अभिमान, शुभदाला काही केल्या कळेना. या हाताची किंमत काय असेल, हे आता तिघांनाही माहीत होतं.

शुभदानं मांडीखालून आपला हात काढला. तो वर न्यावा की नाही हे तिचं ठरायच्या आतच ब्रीडानं तो आपल्या हातात घट्ट धरला. वर जाऊ नये म्हणून धरला होता, की एकटा जाऊ नये म्हणून, ते ब्रीडाच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. कदाचित ब्रीडालाही समजलेलं नव्हतं. दोघी तशाच, हातात हात घेऊन, डोनलच्या हाताकडे बघत बसल्या.